अक्कलदाढ काढण्यापूर्वी

अक्कलदाढ दुखू लागली म्हणून लगेच काढून घेण्याची घाई करू नका. आधी पूर्ण जबड्याचा एक्स-रे, म्हणजे ओपीजी, काढून घ्या. दाढ सरळ उगवलेली असेल, तर गावातील दंतवैद्य ती तेवढ्या जागेपुरती भूल देऊन काढू शकतात. परंतु खालची दाढ आडवी, हाडात रुतलेली असून तिची मुळे खालच्या जबड्यातून जाणाऱ्या नसेला लागून दिसत असतील, तर ओरल सर्जनकडेच, म्हणजे तोंड व जबड्याच्या शस्त्रक्रियेच्या तज्ज्ञाकडेच, जावे, असे माझे ठाम मत आहे, कारण त्या नसेला धक्का लागल्यास खालचा ओठ व हनुवटी काही महिने, क्वचित कायमची, बधिर राहू शकते.

खानापूर किंवा निपाणीकडच्या माणसाला बेळगावातील केएलई आणि मराठा मंडळ यांची दंत महाविद्यालये सोयीची आहेत. तेथे शिकाऊ डॉक्टरांवर वरिष्ठांची देखरेख असते, मात्र वेळ हाताशी ठेवून जावे. संमतीपत्र कन्नड वा इंग्रजीत असेल, तर ते मराठीतून समजावून घेतल्याशिवाय सही करू नका. टाके साधारण आठवड्याने काढतात, तेव्हा तो फेराही खर्चात धरा. दाढ काढल्यावर तंबाखू पूर्ण बंद ठेवा (निपाणी भागात हे मुद्दाम सांगावे लागते): तंबाखूमुळे जखमेतील रक्ताची गुठळी निघून गेली, तर तिसऱ्या-चौथ्या दिवशी कानापर्यंत ठणका लागतो आणि पुन्हा दवाखाना गाठावा लागतो.