उन्हाळ्यात खिशात गळणारं शाईचं पेन: कार्ट्रिजचं घ्यावं का?

तुमचा प्रश्न असा: भुसावळ-जळगाव रोज अप-डाउन आहे, ड्रॉपरने भरायचं पेन मे महिन्यात खिशातच गळतं, मग कार्ट्रिजचं (शाई भरलेली तयार नळी बसवायचं) घ्यावं का, आणि त्यात कोणतंही कार्ट्रिज बसतं का?

कार्ट्रिजचंच घ्या. बहुतेक वेळा पेन खराब नसतं, आतली हवा तापून फुगते. 25 अंशांवरून 45 वर गेली की ती साधारण 7 टक्के वाढते. टाकीत 2 मिली हवा असेल तर जवळपास 0.13 मिली, म्हणजे दोन-तीन थेंब शाई बाहेर येते. शर्टाची वाट लागायला तेवढी पुरते. लहान कार्ट्रिजमध्ये मुळात शाईच 0.8 मिलीच्या आसपास. ते अर्धं संपलं तरी जेमतेम अर्धा थेंब सरकतो, तो निबखालच्या जिभेच्या खाचांत मावतो. ड्रॉपरचंच वापरायचं असेल तर टाकी निम्म्याखाली जाऊ देऊ नका, आट्यांना थोडं सिलिकॉन ग्रीस लावा आणि निब वरच राहू द्या.

कोणतंही कार्ट्रिज मात्र बसत नाही. पार्कर, लॅमी, पायलट यांची ज्याची त्याची वेगळी. पेलिकन, श्नायडर, कावेको यांना 'इंटरनॅशनल' मापाचं चालतं. लहान साधारण 38 मिमी लांब. पेन घेतानाच त्याचं कार्ट्रिज मागा. दुकानदाराकडे नसेल तर कन्व्हर्टर (कार्ट्रिजच्या जागी बसणारी, पुन्हा भरता येणारी नळी) तरी घ्या, म्हणजे दौतीतली शाई ओढता येईल.

बसवताना पिळू नका, सरळ दाबा. टक् झालं की निब खाली करून पाच-दहा मिनिटं ठेवा. तरी शाई उतरली नाही तर कार्ट्रिज हलकेच दाबा, निबखाली फडकं धरून. निब कागदावर आपटणं हा उपाय नव्हे.

रिकामं कार्ट्रिज सुई लावलेल्या सिरिंजने 0.7 मिलीपर्यंत पुन्हा भरता येतं. तोंड सैल वाटलं की फेकून द्या. चित्रकलेची वॉटरप्रूफ शाई चुकूनही नको, तिच्यातली लाख जिभेत वाळून बसते.

महिन्यातून एकदा निब साध्या पाण्याने, रंग उतरेपर्यंत धुवा. गरम पाण्याने प्लास्टिकची जीभ वाकते. बोअरच्या पाण्याचे क्षार बारीक खाचेत साचतात, म्हणून शेवटचं धुणं जारच्या पाण्याने. वहीवर शाई फुटत असेल तर आधी फाइन निब लावून पाहा, शाई नंतर बदला.