अभयारण्यात छोट्या शिकारीचा परवाना मिळतो का? मित्राची एअरगन नुसती गाडीत असेल, तर चालेल का? फिरायला जाताना काय नियम असतात? शिकार काय, सहज गंमत म्हणून.

नाही मिळत. तितर नाही, ससा नाही, आणि तुम्ही लिहिलंय तसं "मित्राची एअरगन नुसती गाडीत असेल" हेही चालत नाही. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याप्रमाणे अभयारण्यात हत्यार घेऊन शिरायलाच आधी लेखी परवानगी लागते, आणि त्यात हत्यार म्हणजे फक्त बंदूक नव्हे. सुरी, जाळं, गळ, फासे, धनुष्यबाण, सगळं आलं. अभयारण्यातली शिकार सिद्ध झाली तर किमान ३ वर्षं, जास्तीत जास्त ७.

एवढ्यावर थांबणार होतो. पण प्रश्नाच्या शेवटी तुम्ही "सहज गंमत म्हणून" असं लिहिलंय, आणि हे शब्द मी आमच्या मामाच्या तोंडून ऐकलेत.

आजोबांकडे ठासणीची बंदूक होती. ती केव्हाच जमा झाली, तिच्या गोष्टी मात्र मामाकडे जमा आहेत. चार वर्षांपूर्वी एप्रिलमध्ये आम्ही सगळे एका पक्षी अभयारण्यात गेलो होतो. पाणी आटलेलं, काठाला भेगाळलेला गाळ आणि खडे. टिटवीची जोडी डोक्यावर घिरट्या घालत नुसती बोंबलत होती. आई म्हणाली, टिटवी ओरडतेय, लक्षण बरं नाही, मागे फिरा. म्हटलं चला, अपशकुनाचा निदान एवढा तरी उपयोग. तेवढ्यात मामा वाकला. खड्यांमध्ये चार अंडी. मातकट, वर काळपट डाग, निमुळती टोकं आतल्या बाजूला. घरटं कसलं, नुसता ओंजळीएवढा खळगा. मामाने दोन उचलून रुमालात घेतली. "पोरांना दाखवतो, लगेच ठेवतो."

मी म्हटलं, मामा, ही शिकार झाली. सगळे हसले.

लगेच म्हणजे वीस मिनिटांनी, पाच पोरांच्या हातांतून फिरून ती अंडी परत गेली. उन्हाळ्यात टिटवी अंड्यांवर बसते ती उबेपेक्षा सावलीसाठी. पोटाची पिसं पाण्यात भिजवून येते आणि त्या ओलाव्याने अंडी गार ठेवते. आम्ही तिथे घोळका करून उभे, ती बसणार कुठे? त्या अंड्यांचं पुढे काय झालं मला माहीत नाही.

मामाचं म्हणणं आजही तेच: "रक्त सांडलं का? मग शिकार कसली?" कायद्यातली व्याख्या कलम २, पोटकलम १६ मध्ये आहे. मारणं, पकडणं, फासे लावणं, आमिष टाकणं, हाका घालून जनावर हुसकावणं, आणि पक्ष्यांच्या किंवा सरपटणाऱ्या प्राण्यांच्या अंड्यांना, घरट्यांना धक्का लावणंसुद्धा शिकारच. मी ते छापून त्याच्या हातात दिलं. चष्मा लावून पूर्ण वाचलं आणि म्हणाला, "हे वकिलांनी लिहिलंय, शिकाऱ्यांनी नाही." आईने अर्थातच भावाची बाजू घेतली.

फिरायच्या नियमांचं म्हणाल तर ते फाटकावरच्या पाटीवर असतात, वाचा. प्राण्याला डिवचणं आणि कचरा टाकणं हेही कायद्यानेच बंद आहे, नुसती विनंती नाही. निघण्याआधी सुट्टीचा वार बघा, ताडोबा मंगळवारी बंद असतं. बाकी माझा एकच आग्रह: पक्षी तुमच्याकडे बघून ओरडायला लागला की फोटो न काढता मागे सरका. आणि घरातले जुने शिकारी घरीच ठेवा, एअरगनवाला मित्रही.

हां, एक राहिलं. शेतात रानडुकरं, रोही (नीलगायी) शिरत असतील तर गोष्ट वेगळी. त्यासाठी वनखात्याकडे रीतसर अर्ज करता येतो, परवानगी द्यायची की नाही ते अधिकारी ठरवतो. अंगावर आलेलं जनावर जीव वाचवताना मेलं तर तो गुन्हा धरत नाहीत, पण मेलेलं जनावर सरकारचं. त्याचे वाटे घातलेत की फसलात. मामाला हेही सांगून झालंय.