वर्गखोलीत ग्रंथालय : स्लॅब किती पेलेल?

प्रश्न : आमच्या महाविद्यालयात दुसऱ्या मजल्यावरचे दोन वर्ग ग्रंथालयाला मिळणार आहेत. जागा वाचावी म्हणून रुळांवर सरकणारी, एकमेकांना चिकटवून ठेवता येणारी कपाटं, म्हणजे कॉम्पॅक्टर घ्यायचे ठरते आहे. एकेका वर्गात साठ मुलं बसतातच, मग पुस्तकांनी काय बिघडेल? – ग्रंथपाल, सातारा

उत्तर : आधी मुलांचा हिशेब करू. ६० चौरस मीटरच्या खोलीत साठ मुलं म्हणजे ३६०० किलो, बाकांचे हजारेक. चौरस मीटरला जेमतेम ७५-८० किलो झाले. इमारतींवरच्या वजनांचं भारतीय मानक आयएस ८७५ (भाग २) प्रमाणे वर्गाच्या स्लॅबवर चौरस मीटरला ३ किलोन्यूटन, म्हणजे सुमारे ३०० किलो धरतात. त्यामुळे वर्ग कधी कुरकुर करत नाही. शिवाय मुलं संध्याकाळी घरी जातात. पुस्तकं तिथेच असतात.

आता पुस्तकं. भरलेल्या फळीचे मीटरला ३५ किलो धरा. ९० सेंमी रुंद, दुतर्फी, दोन्हीकडे सहा-सहा फळ्यांचा रॅक लोखंडासकट ४४० किलोंच्या आसपास जातो. रॅकची खोली ४५ सेंमी आणि शेजारची वाट ९० सेंमी असेल, तर एका रॅकच्या वाट्याला १.२ चौरस मीटर जागा येते, म्हणजे चौरस मीटरला ३६० किलो. साधे रॅकसुद्धा वर्गाच्या मर्यादेबाहेर गेले! कॉम्पॅक्टरमध्ये तर वाटाच काढून टाकतात, त्यामुळे कपाटांखाली तोच आकडा हजार किलोंच्या वर चढतो. ग्रंथसाठ्याच्या खोलीसाठी आयएसने सांगितलेले ६ किलोन्यूटनही (२.२ मीटर उंचीपर्यंत) त्याला पुरत नाहीत.

तेव्हा कॉम्पॅक्टर तळमजल्यावरच घ्या. तिथेही रुळांखाली काँक्रीटचा पक्का थर हवा. नुसत्या भरावावरची फरशी दबते, रूळ तिरके होतात आणि कपाटं अडकून बसतात. वरच्या खोल्यांत वाचनकक्ष करा. साठा वेगळ्या खोलीत असेल तर वाचनकक्षाला वर्गाइतकेच ३ किलोन्यूटन लागतात, म्हणजे स्लॅबला हात लावावा लागत नाही.

संदर्भग्रंथांचे दोन-चार रॅक वर ठेवायचेच असतील तर खोलीच्या मधोमध नकोत, तुळईलगत ठेवा. दोन टोकांवर टेकलेल्या पट्टीवर वजन पसरून ठेवण्याऐवजी तेच मध्यावर एका जागी ठेवलं, तर वाकवणारा जोर दुप्पट होतो. मात्र रॅक कडेला सरकवल्याने फक्त स्लॅबचं वाकणं कमी होतं. तुळई, कॉलम आणि पाया यांना ते वजन वाहावंच लागतं. म्हणून मूळ स्ट्रक्चरल नकाशे काढून इंजिनिअरला दाखवा. नकाशे हरवले असतील (बहुतेक ठिकाणी हरवलेलेच असतात), तर कव्हर मीटरने सळया शोधून नव्याने गणित मांडावं लागेल.

प्रश्न : अमेरिकेतल्या एका विद्यापीठाचं ग्रंथालय पुस्तकांच्या वजनाने दरवर्षी इंचभर खचतं म्हणे. खरं का? – विद्यार्थी, पुणे

उत्तर : नाही. इंडियाना विद्यापीठाबद्दल ही कथा सांगतात, इतरही अनेक ठिकाणी ती चिकटवली आहे. आर्किटेक्ट पुस्तकांचं वजन धरायलाच विसरला, अशी तिला जोड असते. वर्षाला इंचभर असमान खचणारी इमारत काही वर्षांतच भेगांनी भरून जाईल.

प्रश्न : वर्गात तीन वर्षांपासून रॅक आहेत, अजून काही झालेलं नाही. आता खालून बारीक भेगा दिसतात. काळजी करावी का? – प्राध्यापक, नांदेड

उत्तर : तीन वर्षं टिकलं हा पुरावा होत नाही. कायमच्या वजनाखाली काँक्रीट वर्षानुवर्षं हळूहळू वाकत राहतं. दोरी ताणून मध्यावरचा झोल मोजा. काँक्रीट बांधकामाच्या आयएस ४५६ या मानकाची मर्यादा गाळ्याच्या लांबीच्या (दोन आधारांमधल्या अंतराच्या) २५० व्या भागाइतकी, म्हणजे ६ मीटरला २४ मिलिमीटर. स्लॅबच्या मधोमध केसासारख्या भेगा असतील तर रॅक कमी करा आणि तपासणी करून घ्या. तुळईच्या टोकाशी, कॉलमजवळ तिरकी भेग असेल तर मात्र थांबू नका. ती कातरजोराची (तुळई कापू पाहणाऱ्या जोराची) असू शकते आणि तसली तुळई फारशी सूचना न देता तुटते. खोली आणि खालची खोली दोन्ही रिकामी करा, पुस्तकं उतरवा. टेकू द्यायचे तर एकाखाली एक, थेट जमिनीपर्यंत. फक्त एका मजल्यावर दिले तर वजन खालच्या स्लॅबवर जाऊन बसतं.