डायनामोचा दिवा बॅटरीवर: वाचकांच्या प्रश्नांना उत्तरे

प्रश्न (आर्वी तालुका): भाऊ, वडिलांच्या सायकलला डायनामो आहे. आमच्याकडे ओलिताची लाइन रात्री येते. वावरात पोचून मोटरच्या पेटीजवळ थांबलं की दिवा बंद. लॅपटॉपच्या जुन्या बॅटरीतले दोन सेल लावले तर चालेल का?

चालेल, पण थेट नाही. तुमचा पुढचा बल्ब 6 व्होल्ट, 2.4 वॉटचा आहे, मागचा लाल 0.6 वॉटचा. बल्बच्या पितळी कडेवर छापलेलं असतं, वाचून घ्या. लॅपटॉपचे दोन सेल एकापुढे एक जोडले की पूर्ण चार्जवर 8.4 व्होल्ट होतात. तेवढ्यात बल्ब लख्ख पेटेल आणि थोड्याच दिवसांत उडेल. मध्ये स्टेप-डाउन मॉड्यूल, म्हणजे व्होल्टेज कमी करून देणारी छोटी पट्टी, घाला. बल्ब जोडायच्या आधी व्होल्टमीटर लावून त्याचा बारीक स्क्रू फिरवत 6 व्होल्टवर आणा. काही मॉड्यूलचा हा स्क्रू बरेच वेढे फिरवल्याशिवाय काटा हलत नाही, धीर धरा.

आता सगळ्यात महत्त्वाचं. डायनामोची वायर आधी सोडवा. या सायकलींना वायर एकच असते, परतीची वाट फ्रेममधून. डायनामो जोडलेलाच ठेवला, तर बॅटरीचा करंट दिव्याबरोबर त्याच्या तांब्याच्या गुंडाळीतूनही वाहतो, आणि तिचा रोध फार कमी असतो. मी पहिल्यांदा जोडलं तेव्हा ती वायर सोडवली नव्हती. दिवा मंद पेटला, वायर हाताला चटका देईल इतकी तापली आणि प्लास्टिकचा वास सुटला. दोन्ही हवे असतील तर मध्ये दोन बाजूंचा खटका बसवा: एकीकडे डायनामो, दुसरीकडे बॅटरी.

बॅटरीच्या प्लसला लागूनच एक अँपिअरचा फ्यूज हवा. सोललेली वायर फ्रेमला टेकली की सरळ शॉर्ट होतो. जुन्या सेलचं व्होल्टेज मोजून घ्या. अडीच व्होल्टच्या खाली पडलेला सेल वापरू नका. दोन्ही एकाच पॅकमधले घ्या, प्रोटेक्शन बोर्ड (सेल जास्त चार्ज झाले किंवा फार उतरले की तोडणारी पट्टी) लावा. सेलवर थेट सोल्डर मारू नका, होल्डर वापरा. 2000 एमएएचचे दोन चांगले सेल हे दोन्ही दिवे चार तास तरी चालवतील.

नवीनच घेणार असाल तर माझा कौल लिथियम आयर्न फॉस्फेट या दुसऱ्या जातीच्या दोन सेलना. दोन मिळून 6.4 व्होल्ट, म्हणजे जुन्या बल्बच्या जवळपास. मॉड्यूलची गरज नाही. चार्जर मात्र त्याच जातीचा, 7.2 किंवा 7.3 व्होल्टचा घ्या. लॅपटॉप सेलचा 8.4 वाला त्याला लावू नका.

प्रश्न (दिग्रस): पऱ्हाटीवर फवारायच्या पंपाची बॅटरी घरी आहे. ती लावू का?

ती 12 व्होल्टची. 6 च्या बल्बला थेट लावली तर बल्ब क्षणात जाईल. वरच्यासारखं मॉड्यूल लावून चालेल, पण दोनेक किलोचं ओझं कॅरिअरवर पक्कं बांधावं लागेल. शिवाय रात्री दिव्यात ती उतरली, तर सकाळी फवारणी अडेल. हंगामात तिला हात लावू नये, असं मला वाटतं.

प्रश्न (मूर्तिजापूर): मोबाइलची पॉवर बँक?

5 व्होल्ट मिळतात. जुना बल्ब त्यावर पिवळट, साधारण निम्म्या उजेडाने पेटतो. कच्च्या रस्त्याला कमीच. नुसता एलईडीचा मागचा दिवा लावाल, तर करंट इतका थोडा की बऱ्याच पॉवर बँका काही वेळाने आपोआप बंद होतात. पाठीमागून ट्रॅक्टर येत असताना असा बंद पडलेला दिवा जीवावर बेततो.

प्रश्न (सिंदेवाही): मे महिन्यात बॅटरीचा डबा सायकलवरच राहू दिला तर?

नका ठेवू. आपल्याकडे सावलीतच पारा 45 च्या वर जातो, उन्हातला पत्र्याचा डबा त्याहून तापतो. लिथियम सेल 45 अंशांच्या वर चार्ज करायचे नसतात. दुपारी डबा घरात आणा, चार्जिंग पहाटे लावा, तेही उशाशी किंवा कापसाच्या ढिगाजवळ नाही. सेल फुगलेला दिसला तर टोचू नका, दाबू नका. टोकांना चिकटपट्टी लावून बाजूला ठेवा आणि तालुक्याला जाल तेव्हा बॅटरीवाल्याकडे द्या.