बेळगावात आमच्या वाचनालयात ‘मास्टर अँड कमांडर’ हा इंग्रजी सिनेमा दाखवायचा विचार आहे. पाहिलेल्यांचं मत काय?

दाखवा, बहुतेकांना आवडतो. नाराज होतात ते सतत लढाई हवी असणारे, कारण मोठ्या चकमकी सुरुवातीला आणि शेवटीच आहेत. वडगावात ओळखीपाळखीच्यांना जमवून आम्ही दाखवला, त्यावरून सांगतो. मराठा लाइट इन्फंट्रीतून निवृत्त झालेले काका सर्वांत जास्त रंगले. 1805 सालच्या इंग्रज युद्धनौकेवरचं कोंदट जगणं, कोवळ्या पोरांवर पडलेली अधिकाऱ्याची जबाबदारी, कप्तानाचा धाक आणि माया, हे त्यांना अगदी खरं वाटलं. वादळात मोडलेली डोलकाठी दोरांना लटकून जहाजाला बुडवू पाहते आणि पाण्यात पडलेला खलाशी तिच्याकडे पोहत असतानाच ते दोर तोडावे लागतात. कुऱ्हाड चालवणाऱ्यांत त्याचा मित्रच असतो. तिथे सगळी खोली चिडीचूप झाली होती. माझ्या मते सिनेमाचा जीव त्या प्रसंगात आहे, तोफांत नाही. कॉलेजच्या मुलांना मधला भाग रेंगाळलेला वाटला, आणि बायकांना जवळजवळ स्थानच नाही ही तक्रारही रास्त आहे. छायाचित्रण आणि ध्वनिसंकलन या दोन्हींना ऑस्कर मिळालंय, म्हणून स्पीकर चांगले लावा.

फक्त लहान मुलांना बसवू नका: हात कापण्याची आणि डॉक्टर आरशात बघून स्वतःच्या पोटातली गोळी काढतो ती दृश्यं त्यांना झेपणार नाहीत.