गिअर जड पडतोय? आधी लिंकेज बघ

मित्रा, लिंकेज म्हणजे बाईकचं गिअर पेडल आणि इंजिनातून येणारा गिअर शाफ्ट यांना जोडणारा रॉड, आर्म आणि त्यांचे सांधे. गिअर जड लागतो म्हणून लगेच हलका अ‍ॅल्युमिनियमचा रॉड घ्यायला धावू नकोस. रॉडच्या वजनाचा फरक पायाला जवळजवळ कळतच नाही. कळते ती सांध्यांमधली ढिलाई. इंजिन बंद ठेवून पेडलचं टोक बोटांनी हलकेच वरखाली कर. गिअर शाफ्ट हलायच्या आतच पेडल बरंच सरकत असेल, तर सांधे झिजलेत. ते आधी बदल.

मग कोन. पेडल मोकळं असताना रॉड आणि शाफ्टवरचा आर्म (शाफ्टवर बसवलेली छोटी दांडी) यांच्यात साधारण ९० अंश हवेत. बहुतेकांचं इथेच चुकतं: पेडल उंच करायला रॉड फिरवून त्याची लांबी बदलत जातात, कोन बिघडतो आणि एका दिशेचा गिअर जड होतो. फार उंची बदलायची असेल तर आर्म काढून शाफ्टवरच्या दात्यांवर एक दात पुढेमागे बसव, बारीक जुळणी रॉडने कर. रॉडची जुळणी हलू न देणारा चेक नट घट्ट करायला विसरू नकोस.

शाफ्टवरचा आर्म लांब घेतलास तर जोर कमी लागेल, पण पाय जास्त हलवावा लागेल. आखूड आर्मचं उलट. नवशिक्याने मूळ लांबीच ठेवावी, असं माझं ठाम मत आहे.

आणि हो, क्लच पूर्ण सुटतोय ना, तेही बघ.