प्लगिन आहे, पण सापडत नाही

प्रश्न (नांदेड): बायनयूटिल्स (लिंकर, एनएम, एआर अशा साधनांचा संच) सोर्समधून बांधतो आणि एलटीओच्या (लिंक करताना होणाऱ्या ऑप्टिमायझेशनच्या) चाचण्या स्वतःच्या स्क्रिप्टने चालवतो. एलटीओ ऑब्जेक्ट वाचायला या साधनांना लागणाऱ्या प्लगिनचा पत्ता जीसीसी कंपायलरला ‘-प्रिंट-फाइल-नेम’ देऊन घेतो. उबुंटू २२.०४ वर सगळं सुरळीत होतं, २४.०४ वर मात्र ‘एनएम-न्यू’ला (नुकत्याच बांधलेल्या एनएमला, जो ऑब्जेक्टमधली नावं दाखवतो) प्लगिन उघडताच येत नाही. असं का?

उत्तर: तुमचं बांधकाम ठीक आहे, चूक पत्ता विचारण्यात आहे. ‘-प्रिंट-फाइल-नेम’ (पुढे नुसतं ‘फाइल-नेम’) लायब्ररीच्या वाटा धुंडाळतो. ‘-प्रिंट-प्रोग-नेम’ (पुढे ‘प्रोग-नेम’) हा दुसरा पर्याय सीसी१, एलटीओ१ ही जीसीसीच्या आतल्या प्रोग्रामची मंडळी जिथे असतात तिथे शोधतो. २२.०४ वर जीसीसी ११ चं हे सगळं ‘/यूएसआर/लिब/जीसीसी’खालीच होतं, म्हणून चुकीच्या दारावर थाप मारूनही काम भागलं. २४.०४ वर जीसीसी १३ चा प्लगिन ‘/यूएसआर/लिबएक्सेक/जीसीसी’खाली गेला.

खरी मेख पुढे आहे. फाइल सापडली नाही तरी जीसीसी कुरकुर करत नाही. तुम्ही दिलेलं नाव जसंच्या तसं छापतो आणि एक्झिट कोडही शून्यच (म्हणजे ‘सगळं ठीक’) देतो. तेव्हा उत्तरात ‘/’ आहे का, हे स्क्रिप्टने तपासलंच पाहिजे.

मग नुसतं ‘प्रोग-नेम’ वापरावं? तेही पुरेसं नाही. तो फाइलवर एक्झिक्यूटची परवानगी मागतो. पॅकेजमधून आलेल्या प्लगिनच्या .एसओ फाइलला ६४४ परवानगी (वाचण्या-लिहिण्याची, एक्झिक्यूटची नाही) असेल, तर फाइल समोर असूनही नुसतं नाव परत येतं. लिंक करताना जीसीसीला मात्र वाचण्याची परवानगी पुरते. म्हणून आधी ‘प्रोग-नेम’, मग ‘फाइल-नेम’, आणि दोन्ही फसले तर रिकाम्या सी फाइलवर ‘जीसीसी -###’ चालवा; तो आतल्या आज्ञा न चालवता नुसत्या दाखवतो. आउटपुट एसटीडीईआरआरवर (चुकांचे संदेश येतात त्या वाटेवर) येतं. त्यातल्या ‘-प्लगिन’ या शब्दानंतरचा पत्ता घ्या. जीसीसी स्वतः तोच वापरतो.

‘फाइंड’ने सापडलेली पहिली फाइल उचलू नका. मशीनवर दोन जीसीसी असले की भलत्याच आवृत्तीचा प्लगिन हाती लागतो. लिंकरच्या चाचण्या चालवणाऱ्या ‘मेक चेक-एलडी’लाही ‘सीसी_फॉर_टार्गेट’मधून तोच कंपायलर द्या, ज्याला पत्ता विचारलात.

प्रश्न (लातूर): ‘-एफएलटीओ’ने (एलटीओ चालू करणाऱ्या पर्यायाने) केलेल्या ऑब्जेक्टची लायब्ररी ‘एआर’ने बांधली. सगळी फंक्शनं आत आहेत, तरी लिंक करताना ‘अनडिफाइन्ड रेफरन्स’ येतो.

उत्तर: प्लगिनशिवाय ‘एआर’ला त्या ऑब्जेक्टमधली नावं वाचता येत नाहीत, त्यामुळे लायब्ररीची सूची रिकामी राहते. ‘प्लगिन नीडेड टू हँडल एलटीओ ऑब्जेक्ट’ ही ओळ मेकच्या गर्दीत वाहून गेली असणार. प्लगिन आपोआप जोडणारे ‘जीसीसी-एआर’ आणि ‘जीसीसी-रॅनलिब’ वापरा, आणि जुनी लायब्ररी आधी पुसून टाका.